न हरवणारी पावडर

"ही पावडर हरवूच शकत नाही!" यादिराने भर गावसभेत ठणकावून सांगितलं, आणि खरं म्हणजे बिघडायला सुरुवात तिथूनच झाली.

तेव्हा अर्थातच ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सान मार्सियालचे लोक बाकांवर गंभीर चेहऱ्याने बसले होते. समोर टेबलावर कॉफीची एक जुनी बरणी होती, आणि बरणीत कॉफी नव्हती. काळीभोर, मैद्याहून बारीक अशी पावडर होती. यादिराने ती पुएब्लाच्या विद्यापीठात, भट्टीपुढे बसून, आठ महिने खपून तयार केली होती. आठ महिन्यांत माणूस जवळजवळ एक मूल जन्माला घालतो. यादिराने एक बरणी घातली होती, आणि तिचा जीवही त्या बरणीवर तसाच होता.

"आतमध्ये लोहचुंबकाला चिकटणारा कण," ती समजावून सांगत होती, "आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात असतं तसल्या द्रव्याचा पातळ थर. निळ्या पाण्यात टाकायची. ऊन लागलं की ती निळा रंग खाते. पाणी स्वच्छ! मग लोहचुंबक फिरवायचा. झाडून सगळी पावडर परत बरणीत!"

निळं पाणी हा गावाचा जुना रोग होता. तेवाकानच्या खोऱ्यात हे गाव जीन्स धुण्यावर जगत होतं. नवीकोरी पँट इथे आणायची, धुऊन धुऊन जुनी करायची आणि मग ती जास्त किमतीला विकायची, हा धंदा यादिराच्या आईला, एर्लिंदाला, वीस वर्षं धुलाई कारखान्यात राबूनही पटलेला नव्हता. कारखान्याचं पाणी पाटात जायचं, पाट शेतात जायचा, आणि पाटाचे प्रमुख फिदेन्सियोकाका म्हणायचे, की त्यामुळे त्यांच्या मक्याला निळी कणसं येतात. त्यांच्या मक्याची जातच निळी होती. त्यांच्या पणजोबांच्या काळापासून निळी होती. पण हे त्यांना सांगणार कोण?

काकांनी निर्णय घेतलेला होता. गुरुवारी संध्याकाळी कारखान्याचं पाटात पाणी सोडणारं तोंड सिमेंटने बुजवायचं. सिमेंटची पोती आणून दारात रचलेली होती. तोंड बुजलं की कारखाना बंद, आणि कारखाना बंद म्हणजे एर्लिंदासकट अर्ध्या गावातल्या बायका घरी.

"गेल्या साली पण एक साहेब आला होता," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "पांढरी पावडर घेऊन. पाणी झालं स्वच्छ. आणि पावडर कुठे गेली? माझ्या शेतात! जमिनीवर अशी साय धरली, की वाटलं आता विरजण लावावं."

"काका, ही येणार नाही शेतात. एक कणसुद्धा नाही!"

"एक कणसुद्धा?"

"एक कणसुद्धा!"

यादिरा हुशार मुलगी होती. पण हुशार माणसं 'जवळजवळ' हा शब्द नेमका नको तेव्हा विसरतात.

काका उठले. दुकानातून तराजू मागवला. एका पारड्यात बरणी ठेवली आणि दुसऱ्यात ओढ्यातले धोंडे ठेवून बघायला लागले. हा जड, तो हलका, असं करत शेवटी एक करडा धोंडा बरणीशी बरोबर जुळला. काटा सरळ उभा राहिला. काकांनी धोंडा खिशात टाकला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "गुरुवारी हौदभर पाण्यात घाल. संध्याकाळी काढ. बरणी या धोंड्याला जुळली तर पाट उघडा. नाहीतर सिमेंट."

काकांची टोपी हाही गावातला एक प्रमुखच होता. ती ते फक्त दोन ठिकाणी काढत, चर्चमध्ये आणि झोपताना. दुसऱ्याबद्दल त्यांच्या बायकोला खात्री नव्हती.

हा झाला मंगळवार. आता मंगळवार संध्याकाळ.

यादिराने बरणी घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि प्रवासाने दमून झोपून गेली. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. त्या दिवशी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि माणूस शेवटी माती आहे याची आठवण देतात. राख कुठली तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली झावळी वर्षभर दारामागे लावायची आणि मग चर्चला परत द्यायची. तिथे ती जाळतात. काही टापटिपीच्या घरच्या बायका ती घरीच जाळून, चाळून, तयार राख पाठवतात.

चर्चची घंटा वाजवणारा आणि मेणबत्त्या सांभाळणारा क्रिस्पीन त्या संध्याकाळी घरोघर हिंडत होता आणि काळजीत होता. गेल्या वर्षी झावळ्यांचा ट्रक वाटेतल्या दुसऱ्याच गावाने भाविकपणे अडवून उतरवून घेतला होता. त्यामुळे यंदा राखेचा दुष्काळ! तो एर्लिंदाच्या दारात आला तेव्हा ती मागच्या अंगणात भांडी घासत होती.

"एर्लिंदाबाई, झावळी?"

"टेबलावर ठेवलीय बघ, घेऊन जा!"

टेबलावर झावळी होती. तिच्या शेजारी बरणी होती. क्रिस्पीनने बरणी उघडली, चिमूट घेतली, बोटांत चोळली. त्याचे डोळे भरून आले. इतकी बारीक राख त्याने जन्मात पाहिली नव्हती!

"देव तुमचं भलं करो!" तो ओरडला आणि दोन्ही घेऊन गेला.

"तुझंही!" एर्लिंदा म्हणाली.

बुधवारी सकाळी यादिरा उठली तेव्हा आई चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून कामावर गेली होती. टेबलावर झाकलेले, मक्याच्या पिठाचे तमाले होते. बरणी नव्हती. तिला वाटलं, आईने कुठेतरी नीट ठेवली असेल. ती दोन तमाले खाऊन, लोहचुंबकाची वीट पिशवीत घालून, हौद बघायला कारखान्याकडे निघाली. चौकात क्रिस्पीन भेटला. कपाळावर क्रूस. पण असा क्रूस, की मखमलीतून कापून लावावा!

"पोरी! केवढी मोठी झालीस!" त्याने दोन्ही हात पसरले.

यादिरा त्याला भेटायला पुढे झाली. पिशवी खांद्यावरून घसरायला लागली म्हणून तिने ती वर, छातीशी धरली. आणि क्रिस्पीनच्या कपाळावरचा क्रूस उभा राहिला.

उभा म्हणजे खरोखर उभा! कुत्र्याच्या अंगावर केस उभे राहतात तसे त्याचे टोकदार काटे झाले, सगळे पिशवीच्या दिशेने वाकले, आणि मग अलगद सुटून पिशवीला जाऊन चिकटले.

यादिरा पिशवीकडे बघत राहिली. क्रिस्पीन यादिराकडे बघत राहिला.

"क्रिस्पीनकाका," ती अगदी हळू म्हणाली, "ही राख कुठून आणली?"

"तुमच्याच घरून! आईला सांग, फार सुंदर दळलीय."

"किती जणांना लावली?"

"वा! अख्ख्या गावाला!"

यादिरा चौकातल्या ओट्यावर बसली. समोरून गाव चाललं होतं. दूधवाला, शिक्षिका, बँडवाले, पोलीस. प्रत्येकाच्या कपाळावर तिच्या आठ महिन्यांचा एक एक क्रूस. भट्टीपुढच्या सगळ्या रात्री तिला आता रस्त्याने चालताना दिसत होत्या, आणि त्यातल्या काही तिला हात करत होत्या.

चर्चमध्ये रिकामी बरणी मिळाली, आणि वाडग्याला आतून थोडी पावडर चिकटून राहिली होती, ती तिने चुंबकाने लगेच उचलली. बाकीची कपाळांवर. ती फादर आन्सेल्मोंकडे गेली. फादर वयस्कर, शांत आणि फार सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हणजे सकाळी मी लोकांना काय लावलं?"

"घातक नाही, फादर! मी स्वतःच्या हाताला लावून बघितलीय."

"ते नाही विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. आता काय सांगू? चुंबकाला मिळणार आहेस?"

यादिराला विद्यापीठात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"झावळीची राखही होती ना त्यात?" तिने विचारलं.

"होती. आधी ती, मग संपत आली तशी क्रिस्पीन बरणीतली मिसळत गेला." फादरनी जपमाळेचे दोन मणी ओढले. "आशीर्वाद मिळालेली वस्तू पुसून घेणं बरं नव्हे. पण कोणी स्वखुशीने देत असेल, तर मी आड येणार नाही. एक अट. ज्याच्या कपाळावरून घेशील त्याला ते वाक्य पुन्हा सांगायचं."

"मी?"

"काढणार कोण आहे?"

आणि अशा रीतीने रसायनशास्त्राची एक संशोधक, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक घेऊन, लोकांना मरणाची आठवण द्यायला बाहेर पडली.

कोणी देईना! राखेचा क्रूस आपण होऊन झडेपर्यंत पुसायचा नाही, ही त्या गावातली रीत. दूधवाल्याने कपाळावर हात ठेवला आणि गाडी पिटाळली. शिक्षिकेने "वर्गात मुलं बघतात!" म्हणून दार लावलं. पोलीस मात्र थांबला. पण त्याच्या पट्ट्याचं बक्कल चुंबकाला असं चिकटलं, की ते सोडवायला दूधवाल्याला परत बोलवावं लागलं. फिदेन्सियोकाका तर गावातच नव्हते, वरच्या बंधाऱ्यावर पाण्याची पाळी लावायला गेले होते. एवढं एक बरं होतं!

दुपारी ती रडकुंडीला येऊन कारखान्याच्या अंगणात पोहोचली. बायका उन्हात जीन्स वाळत घालत होत्या. एर्लिंदाने लेकीचं तोंड बघितलं.

"काय गं? बरणी फुटली?"

"फुटली असती तर बरं झालं असतं, आई. बरणी तुझ्या कपाळावर आहे."

एर्लिंदाने सगळं ऐकून घेतलं. तिने हात पाहिले. वीस वर्षांच्या धुण्याने ते कोपरापर्यंत निळे पडले होते. घाम पुसताना मनगट कपाळाला लागायचं, म्हणून कपाळही निळसर. मग ती म्हणाली, "घे. माझं घे. नोकरी माझी, कपाळ माझं."

"तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस," यादिरा म्हणाली.

"अगं, आईला असं बोलतात?"

"फादरनी सांगितलंय!"

तिने चुंबक धरला. क्रूस उभा राहिला, उडाला, पिशवीला चिकटला. आणि अंगणातल्या सगळ्या बायकांच्या हातातल्या जीन्स खाली पडल्या.

एर्लिंदाच्या निळसर कपाळावर एक स्वच्छ क्रूस उरला होता. तिच्या लग्नाच्या फोटोत होता तसल्या रंगाचा, लख्ख गव्हाळ! सकाळपासूनचं कडक ऊन, घाम आणि ती पावडर. पावडरीने तिचं काम चोख केलं होतं. हौद मिळाला नाही म्हणून ती थांबली नव्हती.

"चमत्कार!" एक बाई गुडघ्यांवर बसली.

"चमत्कार नाही, ऊन आहे ऊन!" यादिरा ओरडली. पण त्या आरडाओरड्यात तिचं कोण ऐकतं?

तासाभरात अंगणापासून चर्चच्या दारापर्यंत रांग लागली. सकाळी नाही म्हणणारे सगळे रांगेत, आणि गावाची निळी धूळ सगळ्यांच्याच अंगावर, त्यामुळे ज्याच्या त्याच्या कपाळावर उजळ क्रूस! डोकेदुखी जाते, असं कोणी म्हणालं. पाप ओढून निघतं, असं त्याच्या मागच्याने म्हटलं. "ज्याचं जास्त, त्याचे काटे उंच उभे राहतात," असं बँडवाल्यांपैकी एकाने शोधून काढलं, तेव्हा लोक एकमेकांचे काटे टाचांवर उभं राहून बघायला लागले. यादिरा घसा बसेपर्यंत "तू माती आहेस" म्हणत होती आणि चुंबक काढून पिशवी बरणीत झटकत होती. केसांच्या पिना, संतांची पदकं, एक सुई, एका म्हाताऱ्याच्या कवळीची तार, सगळं येऊन चिकटत होतं आणि ज्याचं त्याला परत द्यावं लागत होतं.

तेवढ्यात तोमासाआजींची पाळी आली. तोमासाआजी म्हणजे गावातल्या सगळ्यांत देवभोळ्या बाई. पहाटेच्या मिस्सेला पहिल्या, संध्याकाळच्या जपमाळेला पहिल्या. त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. यादिराने चुंबक धरला.

काही झालं नाही.

तिने जवळ नेला. टेकवला. काही नाही! राख हलेना.

रांगेत कुजबूज सुरू झाली. "एवढं घट्ट?" "बाई गं, कोण म्हणेल!" "तरुणपणी त्या एकट्या आकात्लान शहरात होत्या ना दोन वर्षं..."

तोमासाआजींनी डोळे उघडले. "माझं का निघत नाही?"

"आजी, तुमची राख..." यादिराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तुम्ही सकाळी चर्चच्या रांगेत कितव्या होतात?"

"पहिली! गेली चाळीस वर्षं पहिली!"

"मग तुमची झावळीची आहे. खरी. माझी पावडर नंतर मिसळली. चुंबकाला फक्त माझीच येते."

आजींनी हे नीट पचवलं. मग वळून रांगेकडे बघितलं. आकात्लानचं बोलणाऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"म्हणजे अख्ख्या गावात खरी राख एकट्या माझ्या कपाळावर?"

"जवळजवळ," यादिरा म्हणाली. हा शब्द तिला आता येत होता.

आजी हनुवटी वर करून सगळ्या रांगेसमोरून चालत गेल्या. त्या दिवसापासून यादिराच्या बाजूने गावात एक माणूस पक्कं झालं.

गुरुवारी ऊन कडक पडलं. अंगणातला हौद निळ्या पाण्याने भरला, पावडर ओतली, बायका पाळीपाळीने काठीने आणि हातांनी ढवळत राहिल्या. सकाळी पाणी शाईसारखं होतं. दुपारी आकाशासारखं. ऊन कलायला लागलं तेव्हा हौदाचा तळ दिसला, आणि तळाशी कोणाचा तरी कधीतरी हरवलेला चमचाही. यादिराने चुंबक फिरवला. काळे ढग पाण्यातून सरसरत आले. एर्लिंदाने ओली पावडर भाकरीच्या तव्यावर मंद आचेवर वाळवली, सांडू नये म्हणून श्वास रोखून, आणि बरणी भरली.

फिदेन्सियोकाका आले. टोपी, तराजू, धोंडा. त्यांच्या मागे फावडं घेतलेला गडी आणि सिमेंटची पोती.

हौदात वाकून त्यांनी बराच वेळ पाणी बघितलं. चमचा दिसला तेव्हा भुवई थोडी हलली.  एका पारड्यात धोंडा. दुसऱ्यात बरणी. काटा डोलला, डोलला आणि थांबला.

धोंडा खाली. बरणी केसभर वर.

कोणी हललं नाही. फक्त गड्याने फावडं या हातातून त्या हातात घेतलं.

"एक कणसुद्धा नाही, म्हणाली होतीस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं. "मी पाणी बघितलं, पोरी. पाणी चांगलं आहे. पण उरलेली कुठे आहे? माझ्या शेतात?"

यादिराने मनात कपाळं मोजली. तिने सगळं गाव पुसलं होतं. दूधवाला, शिक्षिका, पोलीस, बँडसुद्धा. एर्लिंदा शेजारी उभी होती, ढवळून मनगटापर्यंत गव्हाळ झालेले हात पुन्हा पुन्हा एप्रनला पुसत होती.

"फिदेन्सियो," मागून आवाज आला. तोमासाआजी पुढे झाल्या. "टोपी काढ."

"काय?"

"टोपी! काल मिस्सेला मी पहिली होते आणि तू शेवटचा. दरवर्षी शेवटचाच असतोस. शेवटी वाडग्यात काय उरलं होतं?"

काकांनी टोपीला हात लावला. काढली नाही. सगळं गाव टोपीकडे बघत होतं. शेवटी फादर आन्सेल्मो, जे हौदापाशी खुर्ची टाकून बसले होते, सावकाश म्हणाले, "काढ बाबा. ही चर्चच समज."

टोपी निघाली. खाली क्रूस होता. शेवटच्या माणसाला उरलेलं सगळं फासून काढलेला, जाडजूड, काळाकुट्ट, दीड दिवस सावलीत सांभाळून ठेवलेला. ऊन-वारा लागला नव्हता, त्यामुळे झडला नव्हता, आणि त्याने कामही काही केलं नव्हतं.

"मला कोणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

"तू कोणाला दिसू दिलंस तर ना!" आजी म्हणाल्या.

यादिरा समोर उभी राहिली. तिने चुंबक वर धरला. "तू माती आहेस," ती म्हणाली, आणि घाईने सुधारलं, "तुम्ही. तुम्ही माती आहात, काका. आणि मातीलाच मिळणार आहात."

"ते ठाऊक आहे," काका म्हणाले. "लवकर कर."

क्रूस उभा राहिला. काटे इतके उंच उठले, की बँडवाल्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. मग ते उडाले. यादिराने पिशवी बरणीवर उलटून हलकेच झटकली. काटा सरकला. धोंडा वर आला, बरणी खाली आली, आणि काटा सरळ उभा राहिला.

काकांनी धोंडा उचलला, हातात तोलला, आणि हौदात टाकला. स्वच्छ पाण्यात तो तळापर्यंत जाताना सगळ्यांना दिसला.

"पाट उघडा," ते म्हणाले. "कापणीपर्यंत. तोवर सगळ्या पाण्याला पुरेल एवढी पावडर कर." ते पोत्यांकडे वळले. "आणि हे सिमेंट फुकट घालवू नका. मोठा हौद बांधा." मग त्यांनी टोपी घातली आणि घरी गेले. त्यांच्या कपाळावर स्वच्छ क्रूस उरला नव्हता. तोमासाआजी सोडल्या तर अख्ख्या गावात फक्त त्यांच्याच नाही. पुढे कितीतरी दिवस ते याबद्दल बायकोशी कुरकुरत राहिले, असं म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी एर्लिंदा कामावरून आली, आणि लेकीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. आदल्या दिवशी उन्हात हौद ढवळताना ते मनगटापर्यंत गव्हाळ झाले होते. आता पुन्हा निळेशार होते, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत.

"बघ," ती म्हणाली. "आहे नोकरी."

यादिराने ते हात हातात घेतले.  मग तिची नजर फळीवर गेली. बरणी तिथेच होती. सकाळी तिने स्वतः बरणीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता : 'ही राख नाही.'

फक्त बरणीचं झाकण तिरकं बसलेलं होतं.

"आई, इथे कोणी आलं होतं?"

"क्रिस्पीन. पुढच्या साली राखेच्या बुधवारी बिशप येणार आहेत म्हणे."

"आई! त्याला वाचता येतं ना?"

"येतं की. मोठ्याने वाचलं त्याने. म्हणाला, ठाऊक आहे, आणि चमचाभरच घेऊन गेला."